शोध लागल्यानंतर

गुप्तहेरांच्या गोष्टी वाचणाऱ्या प्रौढ माणसाकडे सुशिक्षित समाज थोड्याशा करुणेनें पाहतो. तपकीर ओढणाऱ्याला कोणी तोंडावर बोलत नाहीं, पण त्याच्या पाठीमागें माना हलतात. तशीच कांहींशी आमची अवस्था आहे. उरण तालुक्यांत मीं एकतीस वर्षें मराठी शिकविलें. त्यामुळें घरीं येणारा पाहुणा माझ्या पुस्तकांच्या कपाटापाशीं मोठ्या आदरानें उभा राहतो. वरच्या फळ्यांवरील संतकवि आणि मधल्या फळ्यांवरील नाटकें व निबंध पाहून त्याचें समाधान होतें. मग दृष्टि अगदीं खालच्या फळीवर उतरली कीं तो एकदम यंदाच्या पावसाविषयीं बोलूं लागतो. त्या फळीवर खून, दरोडे, विषप्रयोग आणि खोटीं मृत्युपत्रें यांनीं भरलेलीं माझीं आवडतीं पुस्तकें आहेत. त्यांच्याबद्दल मला संकोच वाटत नाहीं.

मात्र खून कोणी केला हें जाणण्यासाठीं मी तीं वाचीत नाहीं. तें बहुधा निम्म्या पुस्तकांत समजतें, आणि न समजलें तरी माझें जेवण अडत नाहीं. माझी गोष्ट शोध लागल्यानंतर सुरू होते. गुन्हेगार सांपडला, पुरावा जुळला, सर्व धागे हातीं आले. आतां ज्यानें हें सर्व हुडकून काढलें त्या माणसानें त्या रात्रीं घरीं जाऊन काय केलें? त्याला झोंप लागली काय? जें त्याला समजलें तें कोणाला सांगावें, किंबहुना सांगावें कीं न सांगावें, या विचारांत त्यानें किती वेळ घालविला? पुष्कळ लेखक नेमके येथेंच पडदा पाडतात. ज्यांना येथें पडदा पाडवत नाहीं असे लेखक थोडे, आणि ते मला फार प्रिय आहेत.

मराठींत या जातीच्या वाङ्मयाला तोटा कधींच नव्हता. गो. ना. दातारांनीं रेनॉल्ड्सच्या कादंबऱ्यांना इकडचा वेष चढवून एका सबंध पिढीची झोंप उडविली. त्यांच्यामागून बाबूराव अर्नाळकर आले. चंद्रकांत सखाराम चव्हाण हें त्यांचें खरें नांव. 1906 ते 1996 असें दीर्घ आयुष्य त्यांना लाभलें आणि त्यांत त्यांनीं हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या. झुंजार, काळापहाड, धनंजय हीं नांवें जेथें कोणालाच ठाऊक नव्हतीं अशीं मराठी घरें एके काळीं विरळा असत. शाळेच्या पुस्तकांत लपवून मुलें त्या गोष्टी वाचीत, आणि मुलांच्या हातून जप्त केल्यावर वडील वाचीत. टीकाकारांनीं अर्नाळकरांची म्हणावी तशी दखल घेतली नाहीं, पण ती उणीव टीकेची समजावी.

तथापि या वीरांच्या ठिकाणीं एक गोष्ट मला कधीं आढळली नाहीं, ती म्हणजे मनाची ओढाताण. काळापहाड कायद्याच्या कुंपणाबाहेर उभा असतो. पोलीस त्याच्या मागावर असतात आणि वाचक मनानें त्याच्या बाजूस असतो. कायदा निराळा आणि न्याय निराळा, हें त्या वाचकाला कोणी समजावून द्यावें लागत नसे. परंतु या दोहोंच्या विरोधांतून जो मनस्ताप उत्पन्न व्हावयाचा तो होत नाहीं. कारण न्याय करणारा एक माणूस आणि कायद्याची चाकरी करणारा दुसरा, अशी लेखकानें सोयीस्कर वांटणी करून टाकलेली असते. दोघेही रात्रीं स्वस्थ झोंपतात.

शेरलॉक होम्सचीही हीच सोय होती. 1892 सालच्या निळ्या रत्नाच्या गोष्टींत नाताळचे दिवस पाहून तो चोराला दार उघडून देतो. 1904 सालच्या 'ॲबी ग्रेंज'च्या कथेंत तर वॉटसनला पंच नेमून तेथल्या तेथें खटला चालवितो आणि मनुष्यवध केलेल्या एका दर्यावर्दी माणसाला निर्दोष ठरवून सोडतो. वाचतांना बरें वाटतें. पण होम्सला हें औदार्य परवडतें याचें कारण उघड आहे. महिना भरल्यावर तो सरकारच्या तिजोरींतून पगार आणीत नाहीं. ज्याला पगार आहे, गणवेश आहे, डोक्यावर वरिष्ठ आहे, घरीं बायको आहे आणि मुलाच्या शाळेची फी आहे, त्यानें काय करावें?

या प्रश्नाला जन्मभर चिकटून राहिलेला एक फौजदार माझ्या त्या खालच्या फळीवर आहे. त्याचें नांव गणेश घोटे. मुंबईच्या गुन्हे अन्वेषण शाखेंत तो इन्स्पेक्टर आहे, मराठी आहे, आणि मौज अशी कीं तो एका इंग्रजाच्या डोक्यांतून जन्मला आहे. एच. आर. एफ. कीटिंग (1926–2011) हा तो लेखक. त्याच्या आधींच्या कादंबऱ्या अमेरिकेंतील प्रकाशकांना फारच इंग्रजी वाटत. म्हणून त्यानें आपली गोष्ट दूर देशीं नेण्याचें ठरविलें आणि मुंबई निवडली. ती त्यानें पाहिलेली नव्हती. 'दि परफेक्ट मर्डर' ही घोटेची पहिली कादंबरी 1964 सालीं निघाली. इंग्लंडांतील गुन्हेकथाकारांच्या संघानें तिला आपला 'गोल्ड डॅगर' हा पुरस्कार दिला. आणि त्यानंतरही कित्येक वर्षें हा गृहस्थ मुंबईला पाय न लावतां, केवळ पुस्तकें व नकाशे यांच्या आधारानें, आपल्या फौजदाराला तिच्या रस्त्यांतून हिंडवीत होता.

अर्थात् चुका आहेत. घोटेच्या बायकोचें नांव प्रोतिमा, ती बंगाली. मराठी फौजदारानें बंगाली बायको करूं नये असें नव्हे, पण तें लग्न जमलें कसें हें विचारल्यावांचून मराठी वाचकाला पुढचें पान उलटवत नाहीं. त्या पहिल्या कादंबरींतील धनाढ्य गृहस्थ तर लाला अरुण वर्दे! लाला आणि वर्दे हे एकाच अंगरख्यांत कसे मावले, हें कीटिंगलाच ठाऊक. घोटेच्या तोंडचें इंग्रजीही, इंग्रजाच्या कानाला हिंदी माणसाचें इंग्रजी जसें गमतीदार लागतें, त्या बेताचें आहे. तें मला आजही खटकतें.

पण चुका मोजून झाल्यावर जो माणूस उरतो तो खरा आहे. घोटे अंगानें किरकोळ आणि स्वभावानें भिडस्त; वरिष्ठांपुढें त्याचे शब्द अडतात, श्रीमंतांच्या दिवाणखान्यांत आपले हात कोठें ठेवावे हें त्याला कळत नाहीं. त्या पहिल्या कादंबरींत ज्याच्या खुनाचा सर्वत्र बोभाटा होतो, तो परफेक्ट नांवाचा पारशी चिटणीस मुळीं मेलेलाच नसतो. डोक्यांत मार बसून पडलेला असतो. आणि त्याच वेळीं एका मंत्र्याच्या मेजावरून नाहींसा झालेला एक रुपया शोधण्याचें कामही घोटेवर येऊन पडतें. एका बाजूस माणसाचा जीव, दुसऱ्या बाजूस एक रुपया. घोटे दोहोंचा तपास सारख्याच निष्ठेनें करतो. 1988 सालीं या कादंबरीचा चित्रपट निघाला आणि नसीरुद्दीन शाह यांनीं घोटेची भूमिका केली. पण घोटेचें सारें नाट्य मनांतल्या मनांत चालणारें, त्यामुळें तो पुस्तकांतच अधिक शोभतो.

ज्या पुस्तकासाठीं मी कीटिंगच्या सर्व चुका माफ करतों तें 1986 सालचें, 'अंडर अ मॉन्सून क्लाउड'. घोटेची एका डोंगरी गांवच्या ठाण्यावर तात्पुरती नेमणूक झालेली आहे. दिवस पावसाळ्याचे. 'टायगर' केळकर नांवाचे बडे अधिकारी तपासणीला येतात. केळकर म्हणजे घोटेचें दैवत. करडे, कामसू, लांचाच्या पैशाला कधीं न शिवलेले. त्या ठाण्यांत देसाई नांवाचा एक सार्जंट आहे, विलक्षण गबाळा, हातीं घेतलेल्या प्रत्येक कामाची माती करणारा. त्याच्या गाढवपणानें केळकरांचा तोल जातो. हाताशीं असलेली पितळेची दौत ते भिरकावतात, ती वर्मीं बसते, आणि देसाई मरतो.

केळकर गुन्हा कबूल करावयास सिद्ध होतात. त्यांना थांबवितो तो घोटे. एका कुचकामी माणसाच्या मृत्यूपायीं, आणि तोही कोणीं ठरवून न केलेला, असल्या अधिकाऱ्याला खात्यानें मुकावें काय? मग ते दोघे तें प्रेत तळ्यावर नेतात आणि देसाई बुडून मेला असा देखावा उभा करतात. पुढें चौकशी निघते. केळकर आत्महत्या करून मोकळे होतात. घोटे एकटा उरतो. दुसऱ्यांच्या खोट्या जबान्या पकडण्यांत ज्याचें आयुष्य गेलें तो आतां स्वतःची खोटी जबानी उराशीं धरून चौकशीमंडळासमोर बसला आहे. खरें सांगावें तर नोकरी जाते, बायको आणि मुलगा उघड्यावर येतात, केळकरांचें नांव मातींत मिळतें. न सांगावें तर ज्या सत्याच्या नांवानें आजवर माणसें तुरुंगांत धाडलीं त्या सत्याची काय वाट? याच्या पुढचें मी सांगत नाहीं. ज्याला हवें त्यानें वाचावें. एवढेंच म्हणतों कीं, मीं हें पुस्तक चार वेळां वाचलें, आणि चारही वेळां प्रेत तळ्याकडे नेतांना घोटेला थांबवावें असें मला वाटलें नाहीं. थांबवावेंसें वाटलें नाहीं याचें भय मात्र पुस्तक मिटल्यावर वाटलें. देसाईच्या गबाळेपणाला मी पोट धरून हंसलों होतों, आणि तेवढ्यानें त्याच्या जिवाची किंमत माझ्या हिशेबांतही उतरली होती.

असा फौजदार आपल्याकडे कां जन्मला नाहीं? आपल्या लेखकांत प्रतिभा नव्हती हें उत्तर मला मान्य नाहीं. माझ्या समजुतीप्रमाणें त्याचें उत्तर मी राहतों त्या भूमीवरच सांपडतें.

मुंबईच्या बंदराच्या पूर्व अंगाला, घारापुरीच्या पलीकडे, न्हावें आणि शेवें अशीं दोन गांवें. भातशेती, मिठागरें आणि मासेमारी हा येथला संसार. जहाजांच्या कागदांवर या दोन गांवांचा 'न्हावा शेवा' असा एकच शब्द झाला. न्हावें अजून आपल्या जागीं आहे. जुनें शेवें उठलें आणि नवीन शेवें वसलें. शेव्याच्या कोळ्यांना हनुमान कोळीवाड्यांत घरें मिळालीं, त्या घरांना वाळवी लागली, आणि पुढचीं कित्येक वर्षें अर्ज करण्यांत गेलीं. 26 मे 1989 रोजीं येथें नवें बंदर सुरू झालें. पण त्याच्या आधींच नव्या मुंबईसाठीं या सर्व पट्ट्यांतील जमिनी संपादन करण्याचें काम चाललें होतें, आणि दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालीं शेतकरी त्याविरुद्ध उभे राहिले होते. 1984 च्या जानेवारीच्या 16 व 17 तारखांस पोलिसांनीं त्यांच्यावर गोळ्या झाडल्या. पांच माणसें मेलीं. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मालकाला परत द्यावे, हें तत्त्व त्या लढ्यांतून आलें. ज्यांच्या घरचा माणूस गेला त्यांना तें टक्क्यांत मोजतां आलें नाहीं.

त्याहून मागें जावें तर चिरनेर. तेंही आमच्याच तालुक्यांतील गांव. 25 सप्टेंबर 1930 रोजीं अक्कादेवीच्या डोंगराशीं जंगल सत्याग्रह झाला, पोलिसांनीं गोळीबार केला, आठ सत्याग्रही पडले. त्याच दिवशीं तेथें जोशी नांवाचे मामलेदारही मारले गेले. सरकारनें त्यांच्या मृत्यूचा दोष जमावावर ठेवला आणि गांवकऱ्यांवर खटला भरला. आमच्या तालुक्यांत मात्र पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत तें असें कीं, मामलेदार गोळीबाराच्या विरुद्ध होते आणि पोलीस अधिकाऱ्याच्याच गोळीनें ते पडले. आतां वाचकांनीं क्षणभर कल्पना करावी: त्या दिवसानंतर चिरनेरला एखादा घोटे तपासासाठीं पाठविला आहे. गोळी कोणाची, हें त्याला दुसऱ्या दिवशींच कळतें. ज्याची ती गोळी, तो त्याच्याच खात्यांतला. ज्यांच्यावर आळ येणार, तीं माणसें समोर मांडी घालून बसलेलीं, अंगठा कोठें उठवावयाचा तेवढें विचारणारीं. आणि ज्यांना अहवाल पाठवावयाचा त्यांना कोणता अहवाल हवा आहे हें त्याला पुरतें ठाऊक. याहून मोठी रहस्यकथा मला ठाऊक नाहीं. ती कोणीं लिहिलेली माझ्या वाचनांत नाहीं.

लिहिली कोणीं असती? ज्या लोकांनीं पोलिसाला बंदुकीच्या पुढच्या टोंकाकडून पाहिलें, त्यांना त्याच्या मनांत शिरण्याची निकड कशी भासावी? एखाद्याची ओढाताण वाचावीशी वाटण्याला आधीं तो माणूस आपला वाटावा लागतो. मराठी वाचकाला काळापहाड आपला वाटला, कारण तो पोलिसांना चकवीत होता. कीटिंगवर कोणीं गोळी झाडली नव्हती. त्याला आमच्या फौजदाराची कणव येणें सोपें गेलें. वस्तुतः ती बंदूक धरणारा शिपाईही कोठल्यातरी गांवच्या सातबाऱ्यावरचाच होता. विक्रम चंद्र यांच्या 2006 सालच्या 'सेक्रेड गेम्स' या इंग्रजी कादंबरींत असा एक मराठी पोलीस आहे, काटेकर. सर्व लोक त्या कादंबरींतील सरताज सिंगाविषयीं बोलतात. घटस्फोट झालेला, थकलेला, वरचा पैसा थोडाबहुत घेणारा आणि तरीही वाचकाचें प्रेम मिळविणारा. मला काटेकर अधिक जवळचा. पण तो मध्येंच मारला जातो, आणि त्याच्या मृत्यूचें ओझें वाहण्याचा मान पुन्हा सरताजलाच मिळतो.

आतां बंदराकडे येतों, कारण खरें कोडें तेथें आहे. 2024-25 या वर्षांत, वीस फुटी पेटीच्या मापानें मोजलें तर, सत्तर लाखांहून अधिक पेट्या या बंदरांतून गेल्या-आल्या. एवढ्या सर्व उघडून पाहणें मनुष्याच्या शक्तीबाहेरचें आहे. निवडक उघडतात, कांहीं क्ष-किरणांखालून जातात, आणि बाकीच्या कागदावर विश्वास ठेवून सोडतात. पेटीच्या कडीला एक आंकडा कोरलेलें सील असतें. कागदावरचा आंकडा आणि सीलावरचा आंकडा जुळला कीं आंत काय आहे हें कागद सांगेल तें खरें. 2020 च्या ऑगस्टांत येथें 191 किलो हेरॉइन पकडलें, तें ज्येष्ठमधाच्या मालांतून, बांबूसारख्या रंगविलेल्या नळ्यांत भरून आलें होतें. 2022 सालीं तर ज्येष्ठमधाच्या मुळ्यांनाच त्याचा लेप दिलेला आढळला. खोकला झाला कीं आजी जें चघळावयास देई, तें ज्येष्ठमध! अशा वेळीं वर्तमानपत्रांत पकडलेल्या मालाची किंमत कोटींत छापून येते, आणि तिच्या खालीं, बारीक टाइपांत, कोणा एजंटाचा माणूस अटकेंत असल्याची ओळ असते. माझें लक्ष नेहमीं त्या बारीक ओळीकडे जातें.

तसें होण्यास कारण आहे. माझे दोन विद्यार्थी पांचवीपासून दहावीपर्यंत एका बांकावर बसत. दोघांच्याही घरच्या जमिनी गेलेल्या. त्यांतला एक परीक्षा देऊन कस्टम्समध्यें अधिकारी झाला. दुसऱ्यानें प्रकल्पग्रस्ताचा दाखला घेऊन नोकरीसाठीं बरेच उंबरठे झिजविले आणि शेवटीं माल सोडवून देणाऱ्या एका पेढींत कारकून झाला. परदेशीं जाणारा माल पेटींत भरला जात असतां आपण हजर होतों, अशा मजकुराखालीं सही करणें हें त्याच्या कामांपैकीं एक काम. दिवसाला वीस सह्या. हजर राहावयाचें म्हटलें तर वीस ठिकाणीं उभें राहावें लागेल. तेव्हां सही होई आणि पेटी जाई. हा त्या धंद्यांतील सर्वांना ठाऊक असलेला शिरस्ता, असें तो मला एकदां हंसत म्हणाला होता.

एके दिवशीं फरशा म्हणून निघालेल्या एका पेटींत रक्तचंदनाचे ओंडके निघाले. रक्तचंदनाचें झाड आंध्रांतील शेषाचलमच्या डोंगरांत वाढतें, त्याचे ओंडके देशाबाहेर नेण्यास बंदी आहे, आणि बाहेर त्याला मोठी किंमत येते. मालाचा खरा मालक कोण हें कळेना. ज्याच्या नांवानें परवाना होता त्या गरीब माणसानें आपलें नांव थोड्या पैशांसाठीं भाड्यानें दिलें होतें. हातीं लागली ती एक सही. ती कोणाची हें सांगावयास नकोच. जबानी घेण्याचें काम ज्याच्याकडे आलें तो कोण, हेंही वाचकांनीं ताडलें असेल.

दोन वर्षांमागें गणपतींत तो माझ्याकडे आला. बराच वेळ मोदकांविषयीं आणि पुलाविषयीं बोलला; शिवडीहून न्हावा शेव्याला येणारा तो सागरी पूल 12 जानेवारी 2024 रोजीं खुला झाल्यापासून आमच्याकडे संभाषण तेथूनच सुरू होतें. मग म्हणाला, "सर, मीं त्याला शेवटीं एक प्रश्न विचारला. विचारला नसता तरी चाललें असतें. कागद पुरा झाला होता."

प्रश्न असा होता: या मालाविषयीं तुला कधीं संशय आला होता काय? आणि त्या मुलानें, समोर आपला बांकावरचा सोबती बसला आहे हें पाहून, खरें सांगितलें. दोन वेळां आला होता. पण विचारलें तर नोकरी जाईल म्हणून गप्प बसलों.

कायदा असा आहे कीं, पोलिसापुढें दिलेली कबुली कोर्टांत पुरावा म्हणून चालत नाहीं. परंतु 1962 च्या कस्टम्स कायद्याच्या 108 व्या कलमाखालीं अधिकाऱ्यासमोर दिलेली जबानी चालते. तें एक वाक्य लिहिलें गेलें, तेव्हां निष्काळजी कारकुनाचा गुन्हा सहभागी माणसाच्या गुन्ह्याजवळ जाऊन बसला.

"मीं विचारलें म्हणून त्यानें खरें सांगितलें, सर. दुसऱ्या कोणीं विचारलें असतें तर तो खोटें बोलला असता आणि कदाचित् सुटलाही असता. मीं वरिष्ठांना सांगावयास हवें होतें कीं हा माझा मित्र आहे, हें काम दुसऱ्याला द्या. पण मला वाटलें, माझ्याकडे असलेलें बरें, त्याला कोणी त्रास देणार नाहीं. त्रास कोणीं दिला नाहीं. चहा दिला."

मीं त्याला विचारलें, "तें वाक्य तूं गाळूं शकला असतास?"

"शकलों असतों. त्याच्यासमोरच लेखणी थांबली होती. तोच म्हणाला, लिही ना, मीं म्हटलें आहे तें."

यावर काय बोलावें? शिक्षकाच्या धंद्यांत उत्तर माहीत नसतांनाही मुद्रा गंभीर ठेवण्याची संवय होते. ती त्या दिवशीं कामीं आली. पांच वर्षें मीं त्यांना निबंधांत सत्याचा महिमा लिहावयास लाविला होता, आणि त्या दोघांनींही, आपापल्या परीनें, तो निबंध बरोबर सोडविला होता. मीं उठून खालच्या फळीवरून तें केळकरांचें पुस्तक काढलें आणि त्याला दिलें. असल्या वेळीं पुस्तक देणें ही पळवाट आहे असें कोणी म्हणेल, पण माझ्याजवळ दुसरें कांहीं नव्हतें.

दिवाळींत त्यानें तें परत आणलें. पुस्तकाच्या पाठीवर कव्हर घातलेलें. ही त्याची शाळेपासूनची रीत. त्यानें विचारलें, "हा लेखक पोलीस खात्यांत होता काय?" मीं म्हटलें, नाहीं, आरंभीं तर त्यानें मुंबईही पाहिली नव्हती. त्याला तें खरें वाटलें नाहीं. घोटेनें केलें तें बरोबर कीं चूक याविषयीं तो कांहींच बोलला नाहीं. केळकरांचा मात्र त्याला राग आला होता. "ते सुटले," एवढेंच म्हणाला.

दुसरा सध्यां जामिनावर आहे. पेढीनें त्याला पहिल्याच आठवड्यांत काढून टाकलें. बाजाराच्या दिवशीं उरणला भेटतो, वांकून नमस्कार करतो आणि माझी प्रकृति विचारतो. त्याच्या तोंडून मित्राविषयीं वांकडा शब्द मीं ऐकला नाहीं, आणि त्यामुळें मला अधिकच अवघड होतें. रक्तचंदन कोणाचें होतें याचा पत्ता अजून लागलेला नाहीं. अर्नाळकरांच्या गोष्टींत काळापहाड एव्हांना त्याच्या माडीवर जाऊन पोंचला असता.

खटला अजून उभा राहावयाचा आहे. तो चालेल तेव्हां जबानी घेणारा अधिकारी म्हणून एकाला साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत जावें लागेल आणि दुसरा आरोपीच्या पिंजऱ्यांत असेल. बचावाचा वकील जरासा जरी हुशार असला तरी तो पहिल्यानें हेंच विचारील कीं, आरोपीला आपण केव्हांपासून ओळखतां. त्या उत्तरावर पुढचें पुष्कळसें अवलंबून आहे. खरें उत्तर दिलें तर त्या जबानीचा भरंवसा किती धरावा असा प्रश्न निघेल, आणि एकाची नोकरी जाऊन दुसरा कदाचित् सुटेल. त्यानें काय उत्तर देण्याचें ठरविलें आहे, हें मीं विचारलेलें नाहीं. त्यानें दुसरें कांहीं सांगितलें आणि वकिलानें शाळेचे हजेरीपट मागविले, तर ते ओळखण्यासाठीं मलाच बोलावणें येईल. पांचवीपासूनचे सर्व हजेरीपट मुख्याध्यापकांच्या खोलींतील लोखंडी कपाटांत आहेत. त्यांवरील सह्या माझ्या आहेत.